ज्वारीतली भेसळ अन् माझी नोकरी

जालना जिल्हा नवा नवा झाला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं होतं की आता कामाला तोटा नाही. कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, मग शिपाई लागतील, पाणी भरायला बाया लागतील, झाडायला-पुसायला माणसं लागतील. कचेऱ्या आल्या, माणसंही लागली, पण ती कुठून आली अन् कोणाच्या चिठ्ठीवर आली ते आम्हाला काही कळलं नाही. आम्ही जुन्या जालन्यात नदीच्या अंगाला एका खोलीत राहत होतो, तिथंच राहिलो. मी सांगते ती गोष्ट त्यानंतर सात-आठ वर्षांची. तोवर लोकांनी नोकरीचं नाव काढणंच सोडून दिलं होतं.

आमचे मालक, म्हणजे पोरींचे वडील, जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा तो कारखाना. घरी आले की भुवयांनासुद्धा कापूस चिकटलेला असायचा, धाकटी पोरगी तो चिमटीनं काढत बसायची. एका साली सीझन संपला अन् फाटकाला जे कुलूप लागलं ते लागलंच. महिना-दोन महिने मालक रोज डबा घेऊन जायचे, फाटकापाशी चार माणसांत बसायचे अन् तोच डबा खाऊन परत यायचे. मी म्हणायचे, "अहो, घरीच जेवा ना." तर म्हणायचे, "घरी बसल्यावर लोक इचारतात."

पोळा झाला तसे ते गावाकडं गेले. अंबड तालुक्यात आमचं गाव, थोरल्या दिरांकडं सामाईक वावर, तिथं हात लावायला. जाताना माझ्याशी बराबर बोलून गेले. म्हणाले, "घट बसायच्या आदल्या दिवशी मी येतो. तोवर तुला नाहीतर मला जालन्यात काम लागलं तर ठीक. न्हाई लागलं तर सामान बांधू. दोन ठिकाणचा खर्चा आता होत न्हाई." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ते काही रागानं बोलले नव्हते.

पण माझी थोरली नववीत होती. अन् आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आता समजा तुम्ही. गावाकडं गेलो की तिची शाळा संपली. थोरल्या जाऊबाईंनी तर निरोपसुद्धा धाडला होता, साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवणारा एक पोरगा आहे, घर चांगलं आहे, पोरगी आली की दाखवून घेऊ. हा निरोप मी पोरीला सांगितला नव्हता, पण एका खोलीत काय झाकून राहतं? तिनं मला एक शब्द विचारला नाही. फक्त त्या दिवसापासून भूमिती मोठ्यानं पाठ करायला लागली. मी भाकरी थापत असायचे अन् ही मागं बसून त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज सांगायची. कोणाला सांगायची? मलाच सांगायची. मी स्वतः चौथी शिकलेली, पुढचं सगळं पोरींच्याच पुस्तकांतून वाचलेलं, त्यामुळं ती बेरीज मलाही पाठ झाली.

मग मी काम शोधायला निघाले. पहिल्यांदा तोंडातून "मला काम पाहिजे" असं निघताना फार जड गेलं हो. वावरात काम करणं वेगळं, ते काय आपलं जन्माचंच आहे. पण अनोळखी फाटकापुढं उभं राहून मागायचं ते वेगळं. लोखंडाच्या कारखान्याचा वॉचमन म्हणाला, "बाई, इथं सळया तापतात. इथं बायांचं काय काम?" तेल मिलवाल्यानं सांगितलं, आहेत त्याच बायांना अर्धा महिना बसवून ठेवलंय. बालवाडीत विचारलं तर दहावी पास पाहिजे. कोणीतरी सांगितलं सरकारी कचेरीत कार्ड काढा, नोकरीचा कॉल घरी येतो. गेले तिथं. ही लांब रांग. माझ्यापुढं एक पोरगा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात सर्टिफिकेटांची फाइल.

मी विचारलं, "दादा, किती दिवसांत येतो हो कॉल?"

तो हसला. म्हणाला, "ताई, मी बीए हाय. सहा वर्षांपासून नुसतं कार्डच नवं करून राह्यलो."

"मंग येता कामून?"

"घरी आई इचारती ना, कुठं गेल्ता म्हणून. काहीतरी सांगाया पाहिजे."

मला आमचे मालक अन् त्यांचा डबा आठवला. कार्ड काढलं मी. अजून आहे ते कुठंतरी ट्रंकेत. कॉल यायचाय.

महालक्ष्म्या उठल्या अन् हातात जेमतेम वीस दिवस उरले. तेव्हा शेजारीण धावत आली. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, तिच्या दारातून समोर बुद्धाचा फोटो दिसायचा अन् त्याच्याखाली शिलाई मशीन. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी थोरली, तोंडानं फटकळ. मी तिला आक्का म्हणायची. तिचा भाऊ बियाण्याच्या कंपनीत हमाली करायचा. जालन्यात तेव्हा बियाण्याच्या कंपन्या वाढत होत्या, त्यातलीच एक. आक्का म्हणाली, "अगं ए, पदर खोच. मंठा रोडच्या फार्मवर बाया घेऊन राह्यलेत. रोजानं न्हाई, कायमच्या. बारा महिने काम, फंड कापणार, कार्ड देणार. दहा बाया पाहिजेत. दोन दिवस काम करून घेणार अन् मंग निवडणार."

"शिक्षण किती मागतात?"

"ज्वारीला काय वाचून दाखवायचंय तुला?"

बोलावलं कधी, तर घट बसायच्या अगोदरचे नेमके दोन दिवस. म्हणजे पहिल्या दिवशी काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम अन् मग निकाल. अन् त्याच दुपारच्या एसटीनं आमचे मालक यायचे होते.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही गेलो. वीस-बावीस बाया असतील. सगळ्या वावरातल्याच. कोणी घनसावंगीकडची, कोणी परतूरची, कोणी माझ्यासारखी अंबडची, सगळ्या गाव सोडून जालन्यात आलेल्या. फार्मवर एक म्हातारे मुकादम होते, डोक्याला उपरणं गुंडाळलेले, सगळ्या बाया त्यांना मामा म्हणायला लागल्या. अन् एक साहेब, परभणीहून शेतकीचं शिकून आलेला, मिसरूड फुटून फार तर चार वर्षं झाली असतील.

समोर ज्वारीचं वावर. नुकती निसवायला लागलेली, म्हणजे पोटरीतून कणसं बाहेर डोकावत होती. साहेब म्हणाला, "ही खायची ज्वारी नाही. हे बियाणं आहे. या चार ओळी मादीच्या, या दोन ओळी नराच्या. पुन्हा चार मादी, दोन नर."

झालं. बायांनी तोंडाला पदर लावले. परतूरची एक होती, ती म्हणाली, "दोन नवऱ्यांत चार बाया! अन् कोणी पोलिसात न्हाई गेलं?"

दुसरी म्हणाली, "म्हणून तर नराच्या ओळी बारीक पडल्यात."

साहेबाचे कान लाल झाले. मामा खाली बघून हसत होते. साहेबानं घाईनं सांगितलं, "यात जे झाड बाकीच्यांसारखं नाही ते मुळासकट उपटायचं. त्याला भेसळ म्हणतात. चला." अन् एकेकीला पात लावून दिली. पात म्हणजे एका बाईनं धरायच्या ओळी.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. आम्हाला ते काम सोपं वाटलं. आयुष्यभर तेच केलेलं. वावरात विरळणी करताना आपण काय उपटतो? रोगट, पिवळं, खुजं, किड्यानं खाल्लेलं. जोमदार झाड राखायचं, दुबळं काढायचं. हे कोणी शिकवत नाही, हात आपोआप जातो. आम्ही वीसच्या वीस बाया तशाच वाकलो अन् सरासरा दुबळी झाडं उपटत निघालो. मी तर मनात म्हणत होते, लवकर पुढं जाऊ, साहेबाला दिसलं पाहिजे. माझी पात सगळ्यात पुढं गेली होती. मधे मधे एखादं धाट डोक्यापेक्षा हातभर उंच, पानं रुंद, कणीस लांब अन् डौलदार, ते दिसलं की मी त्याच्या बुडाशी माती ओढून द्यायची. तेवढीच सेवा!

अर्ध्या तासानं साहेब ओळींतून आला अन् त्यानं डोक्याला हात लावला.

"हे काय केलं? अहो बाई, ही खुजी झाडं आपलीच आहेत! ही मादीच अशी असते. अन् ही उंच उभी आहेत ती कोणी ठेवली?"

मी म्हणाले, "साहेब, ती तर सगळ्यात चांगली हायेत."

"तीच भेसळ आहे!"

कोणालाच पटेना. आक्का माझ्या कानात म्हणाली, "पोरगं कॉलेजातून आलंय, याला ज्वारी कळती का?" मग मामा पुढं झाले. त्यांनी आम्हाला बांधावर बसवलं अन् आपल्या भाषेत सांगितलं. म्हणाले, "बाया हो, हे उंच धाट दिसायला राजबिंडं हाय, पण ते या घरातलं न्हाई. त्याच्या कणसाची पिवळी धूळ उडून शेजारच्या कणसावर बसली की ते बियाणं बाटलं. हीच पिशवी उद्या तुमच्या भावाच्या गावात जाणार. त्यानं पेरली की अर्धं वावर उंच, अर्धं बुटकं, एक आज पिकलं, एक महिन्यानं. मंग तो शिव्या कोणाला देईल?"

"कंपनीला," परतूरची म्हणाली.

"अन् कंपनी कोणाला?"

म्हणजे उंच झाड उपटायचं, एवढं समजलं. पण समजणं वेगळं अन् हात जाणं वेगळं. एक वयस्कर बाई होती, ती उठली, तिनं ज्वारीला हात जोडले अन् म्हणाली, "मामा, निसवलेलं डौलदार धाट मी जल्मात उपटलं न्हाई. पोटातल्या लेकरावानी हाय ते. माझ्याच्यानं होणार न्हाई." अन् खरंच चपला घालून रस्त्याकडं निघाली. कोणी तिला हसलं नाही.

मी काय सांगू, मलाही तसंच वाटत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं थोरली अन् तिचा तो त्रिकोण. मी पहिल्या उंच धाटाला हात घातला. ते येईना. दोन्ही पाय रोवून ओढलं तेव्हा मुळाशी ढेकूळभर माती घेऊन आलं. दुसरं, तिसरं... संध्याकाळपर्यंत माझ्या पातीतलं एकसुद्धा उंच धाट मी ठेवलं नाही. पार टोकापर्यंत जाऊन आले, परत फिरून बघितलं.

इथवर बरोबर होतं सगळं. पण उपटलेली धाटं बांधावर वाळत पडलेली मला बघवेनात. एवढा हिरवागार चारा! आपल्याकडं असा चारा उन्हात टाकून कोणी जातं का? बांधाला लागून पाण्याचा पाट होता, त्यात चिखल होता. मी ती सगळी धाटं गोळा केली, चांगली पेंढी बांधली अन् पाटातल्या ओल्या चिखलात मुळं खुपसून उभी करून ठेवली. मनात म्हटलं, ताजी राहतील, जाताना मामांच्या म्हशीला होतील. मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं मला. तेवढ्यात ट्रॉलीवाल्यानं घाई केली, "चला, चला, जल्दी," अन् पेंढी तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीतून उतरलो तर साहेब बांधावरच उभा. माझ्या पेंढीपुढं. रात्रीतून त्या धाटांना फुलोरा आला होता. कणसांवर पिवळी पूड चढली होती, वाऱ्याची झुळूक आली की भुरभुर उडत होती, अन् वारा नेमका वावराकडं.

"हे कोणी केलं?" साहेब इतका हळू बोलला की मला जास्त भीती वाटली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस काळं होतं. दातांतून म्हणाली, "गप. बोलू नको."

मी गप बसले. खरं सांगायचं म्हणून सांगते, मी गप बसले. कारण बोलले तर काम गेलं, अन् काम गेलं तर आज दुपारीच सामान बांधायचं. मनात म्हटलं, वीस बाया आहेत, कोणाला कळणार आहे?

मग साहेब मामांकडं वळला. "मामा, तुम्ही काय बघत होता? तुमच्या डोळ्यांदेखत ही भेसळ पाण्यात लावली?"

मामांनी उपरणं काढून हातात घेतलं. पांढरे केस, अन् त्या पोरसवदा साहेबापुढं मान खाली घालून उभे. म्हणाले, "चुकलं साहेब." त्यांना ठाऊक होतं पेंढी कोणी ठेवली ते. काल संध्याकाळी मीच त्यांना म्हणाले होते, मामा, तुमच्या म्हशीला चारा काढलाय. तरी माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

ते मला सहन झालं नाही. मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, मामांचं काही न्हाई. मी ठेवली पेंढी. चारा वाया जाईल म्हणून ठेवली. त्याला तिथं उभ्या-उभ्या फूल येईल हे मला कळलं न्हाई."

साहेब माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही उपटली अन् परत लावली?"

बायांत कोणीतरी फिसकन हसलं. मला मात्र रडू यायला लागलं. साहेबानं मला बाजूला उभं राहायला सांगितलं अन् तो वावरात शिरला, बाकीचं बघायला. आत गेला तो लवकर येईना. आम्हाला ज्वारीतून त्याची फक्त टोपी दिसायची, इकडं जायची, तिकडं जायची. आक्काचा चेहरा उतरत चालला होता. मी विचारलं, "काय झालं आक्का?"

ती म्हणाली, "अगं, मी काय म्हणते... मधल्या ओळीतली मी राहू दिली."

"काय राहू दिली?"

"उंच धाटं. बांधाजवळची उपटली, म्हटलं तेवढीच साहेबाला दिसतील. आतली राहू दिली. हातच जाईना गं."

अन् मग परतूरची हळूच म्हणाली, मी बी. अन् तिसरी. अन् चौथी. सगळ्यांनीच तसं केलं होतं! कडेच्या दहा-वीस पावलांतली उपटायची अन् मधे वावराच्या पोटात डौलदार धाटं तशीच लपवून ठेवायची. एकमेकींना न सांगता प्रत्येकीनं तेच केलं होतं. मला त्या रडण्यातसुद्धा हसू आलं.

साहेब बाहेर आला. घामानं भिजला होता. आल्या आल्या विचारलं, "ती पिंपळाकडच्या टोकाची पात कोणाची?"

माझी होती. मामाच म्हणाले, "याच बाईची. पेंढीवालीची."

"त्या पातीत एक भेसळ नाही," साहेब म्हणाला. "मी दोनदा फिरलो. बाकी सगळ्या पाती भरलेल्या आहेत."

मामांनी उपरणं परत डोक्याला गुंडाळलं. म्हणाले, "साहेब, एक बोलू का? उपटायचं कसं ते आपण सांगितलं. उपटून टाकायचं कुठं, ते आपण कोणालाच सांगितलं न्हाई. वावरातली बाई हाय. तिच्या हातून हिरवा चारा उन्हात टाकवत न्हाई."

चांगला माणूस होता तो साहेब, मी आजही म्हणेन. म्हणाला, "हं. ते मी सांगायला पाहिजे होतं." मग सगळ्यांकडं बघून म्हणाला, "परत आत जा. दुपारपर्यंत ज्यांची पात साफ होईल त्यांचाच विचार होईल. अन् बाई, तुम्ही आत जायचं नाही. तुम्ही ती पेंढी आधी ओलं पोतं टाकून झाका, मग कणसं मोडा अन् खड्डा करून पुरा. तुमच्या हातानं."

मग तो सकाळचा वेळ मी कसा काढला, मलाच माहीत. बाकीच्या बाया आत. त्यांचे आवाज बाहेर येत होते. आक्का प्रत्येक धाटाला उपटताना म्हणायची, "माफ कर गं माय, माझ्या पोटासाठी करून राह्यले." परतूरची तिला ओरडून म्हणायची, "आक्का, माफी एकदाच मागा ना सगळ्यांची मिळून, बारा वाजतील!" अन् मी बाहेर एकटी, टिकावानं खड्डा खणत होते. ओल्या पोत्याखाली हात घालून एकेक कणीस मोडलं, खड्ड्यात टाकलं, वरून माती लोटली, पायानं दाबली. हात पिवळे झाले होते. सारखी सूर्याकडं बघत होते. मालक आत्ता अंबडच्या स्टँडवर असतील, आत्ता एसटीत बसले असतील, आत्ता चौफुलीवर आले असतील. मला निवडणार की नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. साहेबाला विचारायची छाती नव्हती. मामांना विचारलं तर म्हणाले, "तू खड्डा नीट बुजव."

दुपारी सगळ्या बाहेर आल्या. साहेबानं पुन्हा फेरी मारली, अन् मग बांधावर उभं राहून कागदावरून नावं वाचली. पहिलं परतूरच्या बाईचं. मग दुसरं, तिसरं. पाचवं नाव आक्काचं आलं, तिनं माझा हात इतका घट्ट धरला की सोडेचना. सहा, सात, आठ, नऊ. साहेबानं कागदाची घडी घातली. मी त्या नव्या मातीवर खाली बसले.

साहेब खिशात पेन ठेवता ठेवता म्हणाला, "अन् दहावी ही बांधावरची. हिचं नाव काल लिहून घ्यायचं राहिलं. बाई, नाव काय तुमचं?"

तुम्हाला सांगते, मला माझं नाव आठवेना! आक्कानं सांगितलं.

"उद्या सुट्टी. परवापासून सकाळी आठला," साहेब म्हणाला. "अन् काही राखून ठेवायचं नाही."

ट्रॉली गावात शिरली तेव्हा मी बसूनच होते, पण जीव पुढं पळत होता. चौकात उतरले ती मी जवळजवळ धावतच घरी. दार उघडं. मालक आले होते. त्यांनी ट्रंकेला सुतळी बांधली होती, गोधड्यांचा बोजा बांधला होता, भांड्यांचं पोतं शिवून झालं होतं. थोरली भिंतीला टेकून उभी होती, दप्तर छातीशी धरून. तेवढं तिनं बांधू दिलं नव्हतं. भूमिती-बिमिती काही नाही. धाकटी मात्र मजेत ट्रंकेवर बसून पाय हलवत होती.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. दम लागला होता.

मालक म्हणाले, "आलीस? चार वाजताची गाडी हाय. चपाती बांधून घे पोरींना."

मी म्हटलं, "सोडा."

"काय सोडू?"

"ते पोतं सोडा, बोजा सोडा, सगळं सोडा. काम लागलं. कायमचं. बारा महिन्यांचं."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं, पिवळे धमक, नखांत माती. म्हणाले, "हळदीच्या कारखान्यात लागलं का?" अन् मग एकदम भिंतीला टेकून बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. इतके दिवस मला वाटत होतं गावाकडं जायचं त्यांनी ठरवलं म्हणजे त्यांच्या मनात तेच असेल. त्या दिवशी बसल्या बसल्या म्हणाले, "मला बी तिथं करमत न्हाई गं. दादा काही म्हणत न्हाई, पण वावरात एका माणसाचं काम, तिथं आम्ही दोघं इकडून तिकडं फिरतो." अन् सुतळीची गाठ सोडायला लागले. त्यांनीच बांधलेली, पण त्यांना सुटेना. थोरलीनं पुढं होऊन दातांनी सोडली. दातांत सुतळी धरूनच हसायला लागली ती. नंतर रडायला लागली, नंतर पुन्हा हसायला.

अन् धाकटीनं भोकाड पसरलं.

"हिला काय झालं आता?" मी म्हटलं.

मालक ओशाळले. म्हणाले, "गावाकडं गेल्यावर शेळी घेऊन देतो म्हणल्तो. पाठीवर पांढरा ठिपका असलेली. तिनं नाव बी ठेवलंय."

आम्ही तिघं तिला समजवायला गेलो तर ती कोणाचं ऐकेना. मला शाळा नको, मला शेळी पाहिजे, असं ट्रंकेवर टाचा आपटून आपटून सांगत होती. तेवढा गोंधळ ऐकून आक्का भिंतीपलीकडून ओरडली, "काय गं, कोणी मेलं का?" अन् उत्तराची वाट न बघता पातेलंभर पिठलं अन् भाकरी घेऊन आली. म्हणाली, माझ्या घरात आज सकाळपासून कोणाला घास गेला न्हाई, आता सगळ्यांना भूक लागलीये, चला बसा. भांडी तर सगळी पोत्यात शिवलेली. मालकांनी विळीनं पोत्याची शिवण उसवली अन् आम्ही हाताला येईल ते भांडं काढून जेवायला बसलो. कोणाला परात मिळाली, कोणाला तव्याचं झाकण. मी तीन भाकरी खाल्ल्या. धाकटी रुसून परातीत जेवत होती, अन् मधे मधे विचारत होती, कंपनीत शेळी पाळू देतात का.